न आलेल्या अंकाचं परीक्षण

टायपिंगच्या परीक्षेत समोरचा उतारा वाचायचा नसतो, नुसता मारायचा असतो. उताऱ्यात पुढे काय होतंय याची गोडी लागली, की त्या पोराचा स्पीड गेला म्हणून समजा. नांदेडला माझी टंकलेखनाची इन्स्टिट्यूट होती आणि अर्धं आयुष्य मी पोरापोरींना हेच सांगत आले: डोळे कागदावर, बोटं कळांवर आणि मन घरी ठेवून या. त्यातले बरेच जण पुढे तहसीलमध्ये, कोर्टात, जिल्हा परिषदेत चिकटले. ते अजूनही मन घरी ठेवूनच कामावर येतात, असं लोक म्हणतात. तेवढं पाप माझ्या माथी.

त्याच इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीतून मी एक पत्रिका काढत असे. तिचा नियम मात्र याच्या बरोबर उलटा होता. वाचल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. पत्रिकेचं नाव 'साभार पोच'. दोन कागद मधोमध दुमडले की झाला अंक. वर्गणी नाही, जाहिरात नाही, मुखपृष्ठ नाही. आत फक्त हौशी अंकांची परीक्षणं. हौशी अंक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ते काढणारी माणसं आता दिसेनाशी होत चालली आहेत.

समजा, लोह्यातल्या एखाद्या माणसाला रेडिओचं वेड आहे. कोणतं गाणं कधी लागलं, आपली फर्माईश कोणी वाचली, निवेदिकेला परवा सर्दी झाली होती का, हे सगळं त्याला कोणालातरी सांगायचंय. घरात कोणी ऐकून घेत नाही. मग तो आपल्यासारखी आणखी चार डोकी गोळा करतो आणि अंक काढतो. तो कोणी मागितलेला नसतो आणि कोणी विकत घेणार नसतं. आमच्या भागात असे अंक कशाकशाचे निघाले, विचारू नका. कव्वालीच्या मुकाबल्यांचे निघाले, भीमगीतांच्या शौकिनांचे निघाले, लाल एसटीवर जीव टाकणाऱ्यांचा निघाला. एका नटाच्या चाहत्यांचा निघाला आणि मग त्यांच्यात भांडण होऊन त्याच नटाचे दोन निघाले.

ही मंडळी माझ्याकडे यायची ती स्टेन्सिल कापून घ्यायला. स्टेन्सिल म्हणजे मेण लावलेला पातळ कागद. टाइपरायटरची रिबीन बाजूला करून त्यावर अक्षरं ठोकायची, म्हणजे अक्षराच्या जागी मेण उडून जाळी पडते. मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवायचा, शाई भरायची आणि दांडा फिरवत बसायचं. दुपारी क्लास रिकामा असे. मागच्या खोलीत रूळ फिरत असे, एकेक कागद खाली येऊन पडत असे आणि ओल्या शाईचा वास उन्हाबरोबर खोलीभर पसरत असे. मला त्या वासाने हमखास गुंगी यायची. अर्धवट झोपेत हाताला लागेल तो कागद मी वाचत राहायची. टायपिस्ट बाईने कधी करू नये ते मी त्या खोलीत करायला शिकले.

अशाच एका रेडिओवाल्या माणसाला त्याचे कागद देताना मी सहज म्हटलं, "तुमचं शेवटचं पान छान आहे. पावसाने केंद्र लागत नव्हतं, तेव्हा तुम्ही नुसती खरखर ऐकत बसलात, ते."

तो माणूस स्टुलावर बसलाच. म्हणाला, "बाई, तुम्ही वाचलं?"

"समोर होतं म्हणून वाचलं."

"माझ्या बायकोनं न्हाई वाचलं अजून," तो म्हणाला. "हातानं लिहिलेलं मी रोज तिच्या उशाला ठेवून राहिलो."

मोठ्या अंकांत 'साभार पोच' नावाचं एक सदर असतं. तुम्ही तुमचा अंक पाठवला की त्यात तुमचं नाव छापून येतं, म्हणजे मिळाला, आभार, आता त्रास देऊ नका. आमचे हौशी लोक तेवढी ओळ कापून काचेच्या तसबिरीत लावत. मला त्याचा राग येई. पोच द्यायची तर वाचून द्यावी. म्हणून मी नाव तेच घेतलं आणि काम दुसरं केलं. आला तो अंक पहिल्या पानापासून शुभेच्छांच्या पानापर्यंत वाचायचा, अर्ध्या पानात लिहायचं आणि शेवटी एक पान सांगायचं. 'पान अमुक वाचावं.' एकच पान. हौशी अंकात बाकी सगळं कसंही असलं, तरी एक पान असं असतं, जिथे लिहिणारा भान विसरलेला असतो. ते शोधून देणं म्हणजे आमचं काम. हे ऐकायला सोपं वाटतं. सगळी पानं वाचल्याशिवाय ते एक पान सापडत नाही, एवढीच त्यातली मेख आहे.

त्यात फजितीही व्हायची. देवणी गाईंच्या चाहत्यांचा एक अंक लातूरकडून यायचा. पानोपानी गाई. मी लिहिलं, की गाईंची वर्णनं एकसारखी वाटतात. चार दिवसांनी संपादक स्वतः जीप घेऊन दारात हजर. पांढरं धोतर, कपाळाला भस्म. म्हणाले, "बाई, तुम्ही गाय बघितली का?" मी म्हटलं, बघितलीय की. "रस्त्यावरची न्हाई. देवणी बघितली का? चला." आणि मला नेलं. त्यांच्या गोठ्यात मी संध्याकाळपर्यंत बसले. एकीच्या कानाची ठेवण, दुसरीच्या कपाळाचा उतार, तिसरीची मान वळवण्याची ऐट, सगळं हात लावून दाखवलं त्यांनी. परत आले आणि दुरुस्ती छापली, की गाई वेगवेगळ्या आहेत. वर्णनं मात्र एकसारखीच आहेत. त्या गृहस्थांनी तेवढ्यावर समाधान मानलं आणि खरवस पाठवला.

अप्पा माझ्या आयुष्यात आले ते भांडायला. उदगीरला त्यांचं भांड्यांचं दुकान. लिंगायत घर, बाजारात सगळे अप्पाच म्हणायचे. कव्वालीच्या एका अंकावर मी लिहिलं होतं, 'पान सात वाचावं.' त्यावर उदगीरहून एक पोस्टकार्ड आलं, वर लिंगायतांचा नमस्कार. 'शरणु. पान सात नव्हे, पान बारा. पुन्हा वाचा.' खाली नाव. मला असा राग आला म्हणता. इन्स्टिट्यूटमध्ये माझ्या चुका काढायची कोणाची टाप नव्हती. रागारागाने अंक काढला आणि पान बारा वाचलं. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने लिहिलेलं पान होतं ते, आणि अप्पांचं बरोबर होतं. मी उलट टपाली कळवलं, 'जयभीम. पान बारा. यापुढे तुम्हीच लिहा.'

तेव्हापासून अप्पा लिहू लागले. आमची पद्धत अशी, की ज्याने परीक्षण केलं त्याच्याकडेच अंक राहायचा. तीच त्याची बिदागी. मी एसटीच्या पार्सलने गठ्ठे पाठवायची आणि अप्पा दुकानाच्या गादीवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, वाचत बसायचे. घागरीवर, ताटावर नावं कोरून द्यायचंही काम ते स्वतः करत. कोणाच्या लेकीचं रुखवत असलं की भांडी घेऊन रांग लागे. ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरायचं, ठोका चुकला तर भांडं वाया. मला वाटतं, त्या कोरण्यानेच त्यांचं लिहिणं तसं झालं. जास्तीचा ठोका नाही. आमची भेट वर्षा-दोन वर्षांतून एकदा व्हायची. बाकी सगळा व्यवहार कागदावर. लग्न झालेल्या माणसांतही एवढं लिहिणं होत नसेल, असं माझी बहीण म्हणायची आणि वर डोळा मारायची. तिला मी गठ्ठ्याची सुतळी धरायला लावी.

पुढे सायक्लोस्टाइल गेलं, झेरॉक्स आलं. टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले. मग माझे गुडघे गेले आणि मी इन्स्टिट्यूट भाचीच्या हवाली केली. पण 'साभार पोच' मात्र सोडली नाही. तोवर हौशी अंक आटत चालले होते. ज्याला रेडिओचं वेड तो मोबाइलवर ग्रुप काढू लागला. तिथे सकाळी टाकलेलं संध्याकाळी वाहून जातं, त्याला पोच कोण आणि कशी देणार? येतील ते चार-दोन अंक मी अप्पांना पाठवत राहिले. पण त्यांची परीक्षणं येईनात. 'गर्दी हाय. लगीनसराई हाय,' असं ते फोनवर म्हणत.

आणि मग एक दिवस त्यांचं परीक्षण आलं. अंकाचं नाव 'सपान'. किनवटकडच्या जंगलातल्या गावांमधून निघतो, थेट उदगीरला आपल्याकडे आला, असं अप्पांनी वर लिहिलं होतं. त्या अंकात लोकांनी आपापली स्वप्नं लिहिली होती, बाकी काही नाही. एका कंडक्टरचं स्वप्न होतं, की गाडीतला जो तो आपल्या लहानपणच्या गावाचं तिकीट मागतोय आणि त्याच्या पेटीत ते तिकीट निघतंय. एका बाईच्या घरी गोदावरी पाहुणी म्हणून आली होती. पाटावर बसली, चहा प्यायली, घर छान आहे म्हणाली आणि जाताना उंबरा ओला करून गेली. अप्पांचं अक्षर मोठं झालं होतं, ओळी उतरणीला लागल्या होत्या. वय झालं, मी मनात म्हटलं. पण असं परीक्षण त्यांनी उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. मी ते छापलं. कोणताही अंक मी मागून तपासत नसे, अप्पांचा तर नाहीच.

'सपान'ची अशी तीन परीक्षणं आली. वाचकांचे फोन सुरू झाले. अंक कुठे मिळेल? आमचं स्वप्न कुठे पाठवायचं? अप्पांना विचारलं की म्हणत, "पत्ता न्हाई की वो त्यावर. येतो तसा येतो." मी तेही मानून घेतलं, कारण हौशी लोक पत्ता विसरतात, हे माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

तिसऱ्या परीक्षणाच्या शेवटी होतं, 'पान नऊ वाचावं.' त्या पानावर एका माणसाचं स्वप्न होतं. तो माहूरचा गड चढतोय. दोन्ही बाजूंना ओटीच्या सामानाची दुकानं, आणि प्रत्येक दुकानात एकच बाई बसलेली, त्याची आई. डाव्या हाताने कुंकवाच्या पुड्या बांधतेय. मागून गर्दी रेटतेय म्हणून त्याला थांबता येत नाही. प्रत्येक दुकानापाशी ती वर न बघता विचारते, 'जेवलास का?' आणि उत्तर द्यायच्या आत तो पुढच्या दुकानापाशी पोचलेला असतो.

हे छापून झालं, आणि काही दिवसांनी मला माहूरहून फोन आला. कमलबाई म्हणून होत्या. गडाच्या पायऱ्यांपाशी त्यांचं ओटीचं दुकान. पुड्या बांधायला घेतलेल्या रद्दीत आमचा अंक त्यांना सापडला होता.

"बाई, ते नऊ नंबरचं पान मला पायजे," त्या म्हणाल्या. "ते माझ्या दत्तानं लिवलं हाय."

मी विचारलं, कशावरून?

"मी डावखुरी हाय. डाव्या हातानं कुंकू देते म्हणून लोक बोलतात मला. पण माझा उजवा हात लहानपणीच मोडला, त्याला मी काय करू. आन् मी पुडी बांधताना वर बघत नसते. दत्ता गेला तवाबी मी पुड्याच बांधत होते. जेवलास का म्हणलं, तं हाव म्हणला न् गेला. लई वर्सं झाली. फोन लागत न्हाई. कुठं हाय ते कुणाला ठाव न्हाई." मग त्या म्हणाल्या, "तो जित्ता हाय एवढं तं कळलं. आता त्या पानावरून गाव कळंल."

मी दुसऱ्याच दिवशी मुखेडमार्गे उदगीरची गाडी धरली.

दुकानात अप्पा गादीवर बसले होते. मी पायरीवर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "या. काय दाखवू?"

इतक्या वर्षांची ओळख. त्यांनी हात लांबवला, एक तांब्या उचलला, त्याला टिचकी मारून नाद ऐकला आणि माझ्या दिशेला, पण थोडा बाजूला, पुढे केला. "हा घ्या. जाड पत्रा हाय."

"अप्पा, जयभीम," मी म्हटलं.

त्यांचा हात तसाच राहिला. मग हळूच तांब्या खाली ठेवत म्हणाले, "बाई, तुम्ही होय. बसा."

मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. हा काचबिंदू होता. कडेकडेने अंधारत आत आला आणि मधलं एवढंसं शिल्लक ठेवलं, तेही धुरकट. माणूस समोर आहे एवढं कळायचं, कोण ते कळत नसे. घरच्यांना अर्धं माहीत होतं. नावं कोरायला आता मशीन आणलंय, एवढंच गिऱ्हाइकांना सांगितलेलं. गादीच्या मागे फडताळात मी पाठवलेले गठ्ठे होते. सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ती माझी गाठ मी ओळखली, आणि मला रडू आलं. रागही आला. दोन्ही एकदमच आलं.

"'सपान' कुठाय?" मी विचारलं.

अप्पा तांब्या धोतराने पुसू लागले.

"अप्पा, माहूरला एक आई त्या पानासाठी बसलीय. अंक कुठाय?"

"अंक न्हाई," ते म्हणाले.

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. आपल्या पत्रिकेला दुसरं काय होतं, म्हटलं, तेवढा एक शब्द होता. न वाचता लिहिलं नाही, हा. तो तुम्ही घालवलात. दिसत नव्हतं तर सांगायचं होतं, मी वाचून दाखवलं असतं. समोरच्या दुकानातला पोरगा बघत होता, पण मला पर्वा नव्हती.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाचल्याबिगर न्हाई लिहिलं, बाई."

"म्हणजे?"

"झोपेत मला दिसते की. चांगलं लख्ख दिसते. मी इथंच बसलेला असतो, मांडीवर अंक असतो, अक्षर कसं म्हणता, कोरल्यासारखं. पान उलटतो, वाचतो. शाईचा वास येतो. दिवसा एक अक्षर लागत न्हाई न् झोपलो की अख्खा अंक वाचून काढतो. उठलो की जेवढं ध्यानात राहते तेवढं लिहितो. त्यात माझ्या पदरचं काही न्हाई."

मी बौद्ध घरातली बाई. अंगात येणं, दृष्टान्त, शकुन, यांतलं काही माझ्या घरात चाललं नाही आणि मी चालवून घेतलं नाही. माझ्या वडिलांनी तर 'स्वप्नात आलं' म्हणणाऱ्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवलं होतं. तशी मी, त्या गादीवर बसून होते आणि मला अप्पा खोटं बोलतायत असं म्हणता येईना. ज्या माणसाने जन्मभर वाचलं, त्याचं वाचणं डोळ्यांनी सोडलं. झोपेने नाही सोडलं. यात चमत्कार नाही, नुसती सवय आहे. पण नियम मोडला की पाळला, ते काही मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

खुलासा तर छापायलाच हवा होता. तो मी तिथेच लिहिला. 'सपान हा अंक कोठेही निघत नाही. आमच्या परीक्षकांनी तो झोपेत वाचला होता. वाचकांनी नोंद घ्यावी.' अप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "ठीक हाय. पान न्हाई सांगितलं." मला हसू फुटलं. पुढे तो छापल्यावर एकाही वाचकाने तक्रार केली नाही. दोघा-तिघांनी तर पुढचा अंक झोपेत आला की कळवा, असं सांगितलं. आमचे वाचकही आमच्यासारखेच.

पण त्या माउलीला ही गोष्ट छापील कागदावरून कळणं मला बरं वाटेना. मी जाऊन सांगते म्हटलं, तर अप्पा म्हणाले, "लिहिलं मी. सांगतो मी." त्यांच्या मुलाने नको नको म्हटलं, त्याला त्यांनी जुमानलं नाही. नांदेडला माझ्या घरी मुक्काम केला, दोन भाकरी मागून घेऊन खाल्ल्या आणि सकाळी आम्ही भोकर, किनवट करत माहूरच्या गाडीत बसलो. किनवटच्या पुढे दोन्ही बाजूंना सागाचं रान लागलं. मोठाल्या पानांमधून ऊन येत होतं, जात होतं. अप्पा खिडकीतून बाहेर तोंड करून बसले होते. त्यांना काय दिसत होतं ते मी विचारलं नाही. जाऊन काय बोलायचं, ते मी मनात जुळवत होते. एका आईला मुलगा सापडलाय असं वाटतंय आणि आपण तो परत घ्यायला निघालोय, दुसरं काय.

कमलबाई पुड्या बांधत होत्या. डाव्या हाताने, वर न बघता. अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून समोर उभे राहिले. कमलबाईंनी विचारलं, "ओटी देऊ का?"

"पान नऊचं सांगायला आलो, बाई," अप्पा म्हणाले. "मीच लिहिलं ते. तुमच्या लेकानं न्हाई. असा अंकच न्हाई. मला दिसत न्हाई आता. ते मला झोपेत दिसलं. आठ-दहा वर्सांमागं मी गडावर आलतो, तवा तुम्हाला बघितलं असंल. डाव्या हाताची ओटी कुणी घेत नव्हतं, मी घेतली असंल. ध्यानात न्हाई. पण तुमच्या लेकाचा ठावठिकाणा मला ठाऊक न्हाई. माफी करा."

एवढं एका दमात बोलून ते थांबले. मी कमलबाईंच्या तोंडाकडे बघत होते. आता ही रडेल, नाहीतर शिव्या देईल, असं मला वाटलं. त्यांनी हातातली पुडी पुरी बांधली, बाजूला ठेवली, आणि पहिल्यांदा वर पाहिलं. अप्पांच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"पण तुम्हाला दिसला नव्हं तो?" त्या म्हणाल्या.

"दिसला."

"तोंड कसं होतं?"

"तोंड न्हाई दिसलं. मी त्याच्या मागं होतो. पाठ दिसली."

"आंग भरलं हाय का त्याचं, का तसाच वाळका हाय अजून?"

इथे एखाद्याने सांगून टाकलं असतं, की भरलंय बाई, चांगला धडधाकट आहे. माझ्या जिभेवर तर ते आलंच होतं. अप्पांनी डोळे मिटले, आठवून पाहिलं. मग म्हणाले, "तेवढं मी बघितलं न्हाई, बाई. न बघितलेलं कसं सांगू."

कमलबाईंनी मान हलवली. त्या उत्तराने त्यांचं काही बिनसलं नाही, उलट अप्पांवर त्यांचा विश्वास बसला असं मला दिसलं. त्यांनी आम्हाला आत फळीवर बसवलं, चहा मागवला. अप्पांनी सबंध स्वप्न त्यांना सांगितलं, आणि त्यांनी एकेक तपशील विचारून घेतला. सदरा कोणत्या रंगाचा, पायात काय होतं, पिशवी होती का. जे दिसलं होतं ते अप्पांनी सांगितलं, जे दिसलं नव्हतं ते नाही म्हणून सांगितलं. मध्येच त्या पदराने डोळे पुसायच्या आणि पुन्हा विचारायच्या. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी अप्पांचा हात धरला.

"परत दिसला तं जरा पुढं होऊन बघा," त्या म्हणाल्या. "आन् त्याला म्हणा, आता मी वर बघून विचारते."

परतीच्या गाडीतही अप्पा खिडकीशी बसले. किनवट सोडलं तेव्हा त्यांनी डोकं खिडकीला टेकलं होतं. दुपारची गाडी, अर्धी रिकामी, सगळी माणसं पेंगुळलेली. सागाच्या सावल्या त्यांच्या तोंडावरून सरकत होत्या. नांदेड आलं, लोक पिशव्या घेऊन उतरले, गाडी रिकामी झाली. अप्पांचे मिटलेले डोळे पापण्यांखाली डावीकडून उजवीकडे हलत होते. मग परत डावीकडे.

कंडक्टर दारातून म्हणाला, "मावशी, बाबांला उठवा की. गाडी डेपोत लावायची हाय."

"जरा थांबा," मी म्हटलं. "वाचतायत ते."